आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन प्रवास करायचा आहे. कोणतं सामान खरंच उपयोगी पडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाळ आठ महिन्यांचं, दिवाळीत पुण्याहून गाडीने कोकणात आणि डिसेंबरात रेल्वेने नागपूरला जायचंय, हातात पंधरा हजार आहेत. यादीत स्ट्रोलर, बाळाला अंगाशी बांधायचं कॅरियर, गाडीत बाळाला बांधून बसवायची कार सीट, प्रवासी पाळणा आणि दूध गरम करायचं यंत्र. काय घ्यावं, काय सोडावं?

कार सीट घ्या. उरलेल्या पैशात कापडी कॅरियर घ्या. बाकीची यादी फाडून टाका.

उत्तर इथे संपू शकलं असतं. पण तुम्ही कार सीटच्या पुढे कंसात लिहिलंय, ‘घरचे म्हणतात गरज नाही, मांडीवर घेता येतं.’ त्या कंसासाठी पुढचं सगळं लिहितेय.

माझी लेक तेव्हा नऊ महिन्यांची होती. गणपतीला गुहागर तालुक्यातल्या सासरच्या घरी जायचं होतं. सीट मी तिच्या पाचव्या महिन्यातच घेतली होती, साडेनऊ हजारांची, माझ्या पगारातून. आमच्या छोट्या गाडीत ती कायम बसवलेली असायची आणि लेकीला तिची सवय झाली होती. त्या वर्षी मात्र सगळ्यांनी मोठ्या दिरांच्या सात जणांच्या गाडीतून एकत्र जायचं ठरलं. सासूबाई, भाऊजी, जाऊबाई, त्यांचा मुलगा, आम्ही दोघं आणि लेकीची सीट. बरोबर सात.

पहाटे गाडी भरताना मखर मावेना. पुठ्ठ्याचं मखर होतं, भाऊजींनी पंधरा रात्री जागून केलेलं. सुंदर होतं, हे मी आजही म्हणते. त्याच्यासाठी मागची एक जागा आडवी करावी लागली. मग माणसं सहा आणि जागा सहा. कार सीट पार्किंगमध्ये भिंतीशी काढून ठेवली गेली. मी म्हटलं, हिचं काय? भाऊजी म्हणाले, “अगं, आमचा मुलगा मांडीवरच वाढला की. आईच्या मांडीइतकं सुरक्षित दुसरं काय असतं? तू पुढे बस, तिला वारा लागेल, घाटात मळमळणार नाही.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. नवरा घड्याळ बघत होता. मी ‘बरं’ म्हटलं. त्या एका ‘बरं’चा राग मला भाऊजींच्या रागापेक्षा जास्त येतो.

कराडला नाश्ता केला, पाटण मागे पडलं. कोयनानगरपासून धुकं आणि पाऊस. कुंभार्ली घाट उतरताना लेक माझ्या छातीवर झोपली होती, माझे दोन्ही हात तिच्याभोवती. पोफळीच्या अलीकडे एका वळणावर रस्त्यात म्हशी उभ्या. गाडीचा वेग तीस-पस्तीसच्या वर नव्हता. भाऊजींनी ब्रेक दाबला. मला माझ्या पट्ट्याने धरलं. तिला धरायला फक्त माझे हात होते. ती त्यांतून निसटून पुढे गेली आणि कपाळ समोरच्या कप्प्याच्या कडेवर आपटलं.

गाडी कशालाही धडकली नाही. म्हशींना साधा स्पर्शही झाला नाही. हा नुसता ब्रेक होता.

टेंगूळ डोळ्यांदेखत वाढलं. पोफळीला तिने उलटी केली तेव्हा माझ्या हातापायांतलं बळ गेलं. चिपळूणला बालरोगतज्ज्ञांनी तपासलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. मधूनमधून उठवून बघायचं, पुन्हा उलटी होते का, अंगावर पिते का, नेहमीसारखी रडते का, नजर धरते का. दुसऱ्या दिवशी गावाकडे प्रतिष्ठापना झाली तेव्हा मी दवाखान्याच्या लोखंडी कॉटवर तिला घेऊन बसले होते. दुपारी सोडलं. काही झालं नाही. आज ती पाच वर्षांची आहे, ठणठणीत.

पण भाऊजी तेव्हापासून प्रत्येक कार्यात सांगतात, “हिचा डोळा लागला असेल, हात सैल पडले.” माझा डोळा लागला नव्हता. त्या म्हशी मी त्यांच्या आधी पाहिल्या होत्या, तोंडातून ‘भाऊजी’ निघालंही होतं. हात घट्टच होते, पण घट्ट हातांनी भागत नाही. याचा हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. गाडी समोरच्या ट्रकवर आदळून हा वेग सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर आला, तर झटका वजनाच्या सुमारे चौदा पट बसतो. साडेआठ किलोचं बाळ त्या क्षणी हातांना १२० किलोचं लागतं. पन्नास किलोची तांदळाची दोन पोती आणि वर आणखी वीस किलो. ते कुठल्या आईने धरून दाखवावं? आणि पट्टा न लावता बाळाला कवटाळून बसलात तर आपलंच अंग त्याच्यावर जाऊन चिरडतं. एकाच पट्ट्यात आई आणि बाळ दोघं घेतली तरी तेच होतं.

भाऊजींनी मागच्या वर्षी नवी गाडी घेतली आणि आता सांगतात, हिला पाच तारे आहेत. भारत एनकॅपची, म्हणजे गाड्या आदळवून त्यांना सुरक्षेचे तारे देणारी सरकारी चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, त्यात मुलांच्या सुरक्षेचे तारे वेगळे दिलेले असतात. पण त्या चाचणीत मुलांचे पुतळे मुलांच्या सीटमध्ये बांधून बसवतात. मांडीवरच्या मुलाला एकही तारा मिळत नाही. कायद्याचंही तेच. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा मुलांची सीट न वापरता बसवलं, तर गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड. ‘कोण पकडतं’ हा भाऊजींचा प्रश्न मला मान्य आहे. आम्हालाही आजवर कोणी अडवलेलं नाही. पण घाटातल्या वळणावर पोलिसाचा काय संबंध?

आता खरेदी. आठ महिन्यांच्या बाळाला मागे तोंड करून बसणारीच सीट हवी. टक्कर समोरून झाली की डोकं, मान, पाठ सगळी मिळून सीटच्या पाठीवर टेकतात, नाजूक मान एकटी पुढे झटकली जात नाही. दुकानदार म्हणेल, ‘आता वर्षाचं होईल, पुढे तोंड करून बसवा, बाहेर बघेल.’ ऐकू नका. नव्या युरोपीय नियमात, म्हणजे आर १२९ मध्ये, किमान पंधरा महिन्यांपर्यंत मागेच तोंड असावं लागतं, आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्यापुढेही तसंच ठेवावं. सीटवर नारिंगी लेबल शोधा, त्यावर इंग्रजी ई (E) अक्षर आणि आर ४४/०४ (जुना नियम) किंवा आर १२९ लिहिलेलं असतं. भारतीय मानक एआयएस ०७२ आहे. लेबल नसेल तर सीट कितीही गुबगुबीत असो, ती बाळाची खुर्ची आहे, कार सीट नाही.

गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायच्या, लोखंडी कड्या आहेत का, हे बोट घालून बघा. नसतील तर पट्ट्याने बसणारी सीट घ्या, तीही नीट बसवली तर चांगली. मागे तोंड असताना पट्टा निळ्या खुणांतून जातो, पुढे तोंड असताना लाल. मी पहिल्या दिवशी लाल खुणेतून घातला होता. बसवून झाल्यावर पट्टा जातो तिथे धरून हलवा, इंचभराहून जास्त हलता कामा नये. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत येत असेल तर सैल आहे. जाड स्वेटर घालून बांधू नका, त्याची जाडी दबते आणि पट्टा सैल होतो. आधी बांधा, मग वरून दुपटं पांघरा. आणि पुढच्या सीटवर, जिथे एअरबॅग चालू आहे, तिथे मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवायची नाही. एअरबॅग फुटते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे. मी त्या दिवशी लेकीला मांडीवर घेऊन नेमकी त्याच जागी बसले होते, हे मला फार नंतर कळलं.

कॅरियर घेताना एकच बघा, बाळाच्या मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार हवा, गुडघे बुडापेक्षा थोडे वर यायला हवेत. पाय सरळ लोंबकळतात ती अरुंद पट्टीची कॅरियर नकोत. हनुवटी छातीवर टेकलेली नको आणि तोंड तुम्हाला कायम दिसायला हवं. कोकणात याच्याशिवाय पर्याय नाही. आमच्या घरी रस्त्यापासून पाखाडीने खाली उतरावं लागतं, जांभ्याच्या ओल्या पायऱ्या, शेवाळलेल्या. तिथे स्ट्रोलरचं काय करणार? आमचा चौदा हजारांचा स्ट्रोलर, नवऱ्याच्या हौसेचा, एकदा विमानतळावर आणि बाकी मॉलमध्ये फिरला. कॅरियर म्हणजे कार सीट नव्हे, हेही सांगते, कारण नवऱ्याने हा पर्याय एकदा सुचवला होता. गाडीत कॅरियर बांधून बसणं म्हणजे मांडीवर घेण्यासारखंच.

दूध गरम करायचं यंत्र नको, थर्मासमध्ये गरम पाणी पुरतं. बाटलीही नको. वाटी-चमचा किंवा घरातलं बोंडलं घ्या, उकळायला सोपं आणि पोट बिघडायची भीती कमी. प्रवासी पाळण्याऐवजी छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. सासूबाईंनी दिलेलं मेणकापड मी चार वर्षं वापरलं. डायपर बदलायला विकत मिळणाऱ्या कुठल्याही गादीपेक्षा ते बरं, पुसलं की झालं. सासूबाई त्या पहाटे गप्प राहिल्या, तरी बाळाच्या सामानाचं जे काही मला कळतं ते त्यांच्याकडून आलेलं आहे.

नागपूरच्या रेल्वेप्रवासाला यातलं काहीच जड लागत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि जागाही नाही, त्यामुळे खालचा बर्थ मिळवा, बाळ भिंतीकडे आणि तुम्ही बाहेर. रेल्वेने २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडायचा छोटा बर्थ लावून पाहिला होता, तुमच्या गाडीत तो असेल हे धरून चालू नका. जुन्या साडीची झोळी बांधणार असाल तर कोणी तरी जागं असेपर्यंतच. नागपूरला डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी असते, टोपडं आणि मोजे हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत तळाशी नको. रेल्वेबद्दल माझ्याकडे याहून जास्त सांगण्यासारखं नाही, आमचा सगळा प्रवास घाटांतला.

काही गोष्टी वर राहून गेल्या. कार सीटमध्ये बाळाला सलग तासन्‌तास ठेवायचं नाही. दीड-दोन तासांनी थांबा, बाहेर काढा, पाय मोकळे करू द्या. गाडी थांबली आणि बाळ झोपलेलं आहे म्हणून सीट तशीच घरात नेऊन त्यात झोपवू नका, मान पुढे पडून श्वास अडतो. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जुनी सीट घ्यायला हरकत नाही, पण ती कधी अपघातातून गेलेली नाही हे देणाऱ्याला छातीवर हात ठेवून सांगता आलं पाहिजे. आणि तुमचं बाळ दुचाकीवर न्यायची वेळ आली, तर चार वर्षांखालच्या मुलांसाठी चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. माझं विचाराल तर एवढ्या लहान बाळाला दुचाकीवर नेऊच नका.

दिवाळीत गाडीतून किती जण जाणार आहात, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मोजताना बाळाची सीट एक माणूस म्हणून मोजा आणि ती आदल्या रात्रीच बसवून ठेवा, सामान भरायच्या आधी. जागा कमी पडली तर बाकीच्यांनी एसटीने यावं. स्वारगेटहून चिपळूणला गाड्या आहेत, आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. त्या पहाटे मी लेकीला आमच्या गाडीत तिच्या सीटवर बसवून, ‘तुम्ही मखर घेऊन पुढे व्हा, आम्ही मागून येतो’ असं म्हणू शकले असते. आमची गाडी तिथेच उभी होती, किल्ली माझ्या पर्समध्ये होती.