पाय घासतोय, पण दुखत नाही

प्रश्न : आमचा जर्मन शेफर्ड साडेनऊ वर्षांचा आहे. गेले काही महिने चालताना मागचा उजवा पाय घासतो, वळताना मागून लटपटतो. आता डावाही तसाच होऊ लागलाय. एक्स-रे काढला तर ‘मणक्यांना हाड वाढलंय, वयामुळे होतं’ असं सांगितलं. दुखण्याच्या गोळ्या झाल्या, काडीचा फरक नाही. पण तो कण्हत नाही, जेवण व्यवस्थित आहे. मग नेमकं दुखतंय तरी कुठे?

उत्तर : पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी ‘पण’ लावून लिहिलंय. तो कण्हत नाही. मुळात दुखतच नसेल तर दुखण्याची गोळी काय करणार?

आधी त्या वाढलेल्या हाडाचं बघू. त्याला स्पाँडिलोसिस म्हणतात. मणक्याच्या खालच्या, म्हणजे पोटाकडच्या अंगाला हाडाची चोच फुटते आणि शेजारच्या मणक्याच्या चोचीला जाऊन भिडते. मज्जारज्जू जातो तो मणक्याच्या वरच्या अंगाच्या पोकळीतून. त्यामुळे या चोची फिल्मवर कितीही भयंकर दिसल्या तरी बहुतेक वेळा मज्जारज्जूला त्यांचा धक्काही लागत नाही. वय झालेल्या मोठ्या कुत्र्यांत त्या सर्रास सापडतात, आणि त्यातले कित्येक मजेत हुंदडत असतात. शिवाय साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसतच नाही. जे दिसलं त्यालाच दोष द्यायचा, हा मोह डॉक्टरांनाही होतो.

म्हणून फिल्म जरा बाजूला ठेवा आणि मागच्या पंजांची नखं बघा. मधल्या दोन बोटांची. ती वरच्या बाजूने घासून तिरकी झालीत का? बोटांवरचे केस गेलेत का, कातडी सोललीय का? मग कडक फरशीवर त्याला हळू चालवा आणि नुसतं ऐका. पाऊल उचलताना ‘खर्र’ असा आवाज येत असेल, तर पाय पुरता उचलला जात नाहीये. खुब्याचा सांधा झिजलेला कुत्रा वेगळा चालतो. तो पावलं आखूड टाकतो, उठताना आखडतो, चार पावलं चालल्यावर जरा मोकळा होतो, पण पंजा मात्र सरळ टेकवतो. तुमच्याकडे गडबड पंजा टेकवण्यातच दिसतेय.

याची एक सोपी चाचणी आहे. कुत्र्याला न घसरणाऱ्या जागी उभं करा, कुणालातरी पोटाखाली हात देऊन आधार द्यायला सांगा, आणि मागचा एक पंजा अलगद उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीवर टेकवा. धडधाकट कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो. तुमचा तसाच उलट्या पंजावर उभा राहिला, किंवा बऱ्याच वेळाने आठवल्यासारखा सरळ करू लागला, तर पाऊल कुठे आहे ही खबर मेंदूपर्यंत नीट पोचत नाहीये. बिघाड नसांच्या वाटेवर आहे एवढं यातून कळतं. कुठला, ते नाही.

या वयाच्या शेफर्डमध्ये मी तीन गोष्टींचा विचार करते. एक, मणक्यांमधली गादी सावकाश फुगून मज्जारज्जूला दाबते. यात पाठ दुखते, निदान दाबल्यावर तरी तो अंग चोरतो. दोन, कंबरेचा शेवटचा मणका आणि माकडहाड यांच्या सांध्याशी नसा चिमटतात. असा कुत्रा गाडीत उडी मारायला कां-कूं करतो, शेपटी वर उचलली की कळवळतो. आणि तिसरी, जिचा मला तुमच्या पत्रावरून दाट संशय येतोय, डिजनरेटिव्ह मायलोपथी. यात मज्जारज्जूच हळूहळू झिजत जातो. दाब नसतो, सूज नसते, वेदनाही नसते. बहुधा आठ वर्षांनंतर सुरुवात होते, एका पायात आधी, मग दुसऱ्यात. जर्मन शेफर्डमध्ये या आजाराचं वर्णन 1973 सालापासून आहे. बॉक्सर आणि कॉर्गी यांच्यातही तो बराच दिसतो. सुरुवात झाल्यापासून साधारण सहा महिने ते वर्षभरात मोठ्या कुत्र्याचं मागचं अंग उभं राहीनासं होतं. पुढे जगवत राहिलं तर पुढचे पायही जातात.

जिवंतपणी याचं शंभर टक्के निदान होत नाही, मज्जारज्जूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच ते होतं. आपण करतो ते वजाबाकीने. एमआरआय करून दाब, गाठ, सूज यांपैकी काही नाही ना, हे बघायचं. जोडीला जनुकाची चाचणी करता येते, रक्तावरून किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून. 2009 मध्ये या आजाराचा संबंध एसओडी1 नावाच्या जनुकातल्या बदलाशी सापडला. माणसांतल्या एएलएस (स्नायू हलवणाऱ्या नसा झिजत जातात तो आजार) या आजाराच्या काही आनुवंशिक रुग्णांत बिघडलेलं असतं तेच हे जनुक. पण चाचणीचा अर्थ नीट लावा. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही बदललेल्या निघाल्या म्हणजे धोका आहे. आजार झालाय असं नव्हे, तशी कित्येक कुत्री म्हातारी होऊन दुसऱ्याच कारणाने जातात. किमान एक प्रत चांगली निघाली, तर मात्र मी लगेच दुसरं कारण शोधू लागते. एमआरआयचा आग्रहही मी त्याचसाठी धरते. गादी किंवा चिमटलेली नस निघाली तर तिच्यावर इलाज आहे, आणि तो इलाज ‘वय झालं’ म्हणून राहून जाता कामा नये.

मायलोपथीच निघाली तर औषध नाही. स्टेरॉइडने फायदा होत नाही, उलट स्नायू आणखी झडतात. व्यायामाचा मात्र उपयोग होताना दिसतो. 2006 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या पशुवैद्यांनी असा संशय असलेल्या 22 कुत्र्यांची नोंद प्रसिद्ध केली. रोज कसून फिजिओथेरपी झालेली कुत्री सरासरी 255 दिवस जगली, बेताची झालेली 130 दिवस, अजिबात न झालेली 55 दिवस. कुत्री थोडी होती, आणि व्यायाम करून घेणारे मालक एकूणच जास्त चिकाटीचे असणार, हे धरूनच ते आकडे वाचावेत. तरी मी व्यायाम सांगतेच, कारण त्यात गमावण्यासारखं काही नाही.

एक लांब फेरी बंद करा. त्याऐवजी दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं आणि हळू चालवा. हळू चालताना प्रत्येक पाय टाकावा लागतो, पळताना कुत्रा दोन्ही पाय जोडून फेकतो आणि चुकवाचुकवी करतो. उभं असताना कंबरेला एका बाजूने अगदी हलकं ढकला, म्हणजे तो तोल सावरायला स्नायू आवळेल. मग दुसऱ्या बाजूने. पाण्यात चालवण्याची सोय असेल तर फारच उत्तम. घरात त्याच्या नेहमीच्या वाटेवर न घसरणाऱ्या चटया टाका, नखं आणि तळव्यांमधले केस कापत राहा. बूट बाहेर जातानाच घाला, दिवसभर ठेवले तर आत ओल धरून जखम होते. वजन वाढू देऊ नका. कंबरेखालून पट्टा घेऊन उचलताना, नर आहे, तेव्हा पट्टा लघवीच्या जागेवर आवळत नाही ना हे बघा. आणि चाकांची गाडी घ्यायचीच असेल तर पुढच्या पायांत ताकद आहे तोवर घ्या. लोक ती शेवटची पायरी समजून फार उशिरा आणतात, मग कुत्र्याला ती ओढवत नाही.

प्रश्न : आमचा डॅशहुंड पाच वर्षांचा. सोफ्यावरून उडी मारली आणि केकाटला. दुसऱ्या दिवशी मागचे पाय लटपटत होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, चार आठवडे पिंजऱ्यात ठेवायला सांगितलं. पण तीनच दिवसांत तो ठणठणीत झालाय, पिंजऱ्यात रडतो. सोडला तर चालेल का? रात्री फार रडला तर आमच्याकडची आयबुप्रोफेन द्यावी का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांना ‘नाही’.

त्याचा आजार वरच्या शेफर्डच्या अगदी उलट आहे. आखूड पायांच्या या जातीत मणक्यांमधली गादी लहान वयातच वाळून कडक होते, आणि एका उडीत तिचा आतला भाग फुटून मज्जारज्जूवर आदळतो. अचानक होतं, आणि दुखतं. इंजेक्शनने दुखणं थांबलं, फुटलेली गादी भरून आलेली नाही. त्याला बरं वाटतंय हीच धोक्याची वेळ आहे, कारण आता तो उडी मारेल. चार आठवडे म्हणजे पुरते चार आठवडे. बाहेर काढायचा तो फक्त शी-शूला, गळपट्ट्याऐवजी हार्नेस लावून, आणि उचलताना एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, पाठ आडवी सरळ ठेवून.

माणसांची दुखण्याची गोळी अजिबात नको. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. त्याला दिलेलं इंजेक्शन स्टेरॉइड असेल तर धोका आणखी वाढतो. ही दोन्ही औषधं एकत्र कधीच देत नाहीत. रडत असेल तर डॉक्टरांना फोन करा, औषध ते बदलून देतील.

मागचे पाय पूर्ण गेले, किंवा लघवी होईनाशी झाली, तर सकाळची वाट बघू नका. त्या वेळी डॉक्टर कुत्र्याच्या मागच्या पायाचं बोट जोरात दाबून बघतात. पाय आखडला की घरचे खूश होतात, ‘बघा, कळतंय त्याला!’ पण पाय आखडणं ही मज्जारज्जूची जागच्या जागी झालेली प्रतिक्रिया असते, वरचा संबंध तुटला तरी होते. कुत्र्याने मान वळवून बघितलं, केकाटला, चावायला आला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोचली. ती पोचत असेल तर ऑपरेशननंतर बहुसंख्य कुत्री पुन्हा चालू लागतात. पोचत नसेल तर तीच शक्यता जेमतेम निम्म्यावर येते, आणि वेळ घालवून काहीच मिळत नाही. ही तपासणी घरी पक्कड घेऊन करू नये, हे लिहावं लागतंय कारण लोक करतात.

प्रश्न : मागचे पाय गेलेल्या आमच्या कुत्रीची लघवी सारखी गळते. म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय ना?

उत्तर : बहुतेक नाही. टाकी भरून वाहते, तशी ती गळते. आत लघवी साठून राहिली की जंतुसंसर्ग होतो आणि मूत्राशयाचा स्नायू ताणून निकामी होतो. पोट दोन्ही हातांनी दाबून मूत्राशय रिकामं कसं करायचं हे डॉक्टरांसमोर, त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवून शिका. दिवसातून तीन-चार वेळा ते करावं लागतं. लघवीला उग्र वास आला किंवा ती गढूळ झाली तर तपासून घ्या. आणि अंथरूण ओलं राहू देऊ नका. खुब्याच्या हाडावर कातडी लाल दिसली की तिची कूस बदलण्याचं वेळापत्रक लावायला उशीर झालाय असं समजा.

प्रश्न : शेफर्डचं पिल्लू घ्यायचंय. मायलोपथीची चाचणी पिल्लाची करायची की आईबापांची?

उत्तर : आईबापांची, आणि अहवाल स्वतः वाचा. दोघांपैकी एकाच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील तर पिल्लाला दोन्ही वाईट मिळू शकत नाहीत, दुसरा नुसता वाहक, म्हणजे एक प्रत वाईट असलेला, असला तरी. दोघंही वाहक असतील तर मात्र पिल्लाचीही करून घ्या. आणि पैसे देण्याआधी आईला चालताना मागून बघा, खुब्यांचा प्रश्न या जातीत वेगळाच आहे.