बिल भरलं जातंय, मग पैसे जातात कुठे?

ताई,
माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. त्याला रक्ताचा कॅन्सर आहे, डॉक्टर त्याला एएलएल म्हणतात. निदान होऊन ११ आठवडे झाले. मध्ये चार दिवस घरी जाऊन आलो, बाकी सगळे दिवस वॉर्डातच. उपचाराचं बिल विम्यातून जातं, त्यामुळे जो तो म्हणतो, नशीब तुमचं. तरी महिना अर्धा सरायच्या आत खातं रिकामं होतं. परवा नवरा म्हणाला, ‘बिल विमा भरतोय, मग पैसे जातात कुठे? आणि रोज टॅक्सी कशाला लागते?’ मला उत्तरच देता आलं नाही. त्याला न सांगता मी मैत्रिणीकडून दोनदा उसने घेतलेत. क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरते आहे. माझी पगारी रजा संपली. सासूबाई म्हणतात, तिथे नर्स असतात, तू दिवसभर बसून काय करतेस, कामावर जा. भाऊ म्हणतो, राजीनामा देऊन मोकळी हो. ११ वर्षांची मुलगी माझ्या बहिणीकडे आहे. ती काही मागत नाही, फार शहाण्यासारखी वागते. निदान तिची तरी काळजी नाही. मी राजीनामा देऊ का? आणि नवऱ्याला काय सांगू?
– वॉर्डातली आई

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. राजीनाम्याचं उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नसणार: आत्ता देऊ नका. का, ते पुढे सांगते. त्याआधी तुमच्या नवऱ्याचा प्रश्न. तो टोचला असेल, पण प्रश्न खरा आहे आणि त्याला खरं उत्तर आहे. ते तुम्हाला देता आलं नाही, कारण हा खर्च कुठल्याच एका कागदावर लिहिलेला नसतो.

विमा भरतो ते खाट, औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांचं बिल. त्यातूनही हातमोजे, डायपर, वाइप्स असल्या वस्तू पुष्कळदा वगळलेल्या असतात आणि त्या तुमच्याच पर्समधून जातात. मुलाचं जेवण वॉर्डातून येतं, तुमचं येत नाही. त्याला उलट्या होतात, दिवसाला तीन-तीन जोड बदलावे लागतात, धुवायला आणि वाळत घालायला जागा नसते, म्हणून नवे कपडे घेतले जातात. चार्जर एकदा विसरतो, एकदा कुणीतरी नेतो, तिसऱ्यांदा विकत घ्यावा लागतो. स्टेरॉइडमुळे त्याला रात्री दोन वाजता भूक लागते आणि त्या क्षणी जे मिळेल ते, ज्या भावात मिळेल त्या भावात आपण घेतो. इकडे घर बंद असलं तरी भाडं, हप्ता, मुलीची फी कशालाही सुट्टी नाही. एक संसार दोन ठिकाणी चाललाय, आणि मुलगी बहिणीकडे आहे म्हणजे खरं तर तीन ठिकाणी.

टॅक्सीचं वेगळं सांगते, कारण त्यावरून तुमच्यात वाद झालेला दिसतोय. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना मुलाला ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप आला, तर तो साधा ताप समजत नाहीत. तातडीने हॉस्पिटल गाठायचं आणि पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, असं कॅन्सर वॉर्डात सांगतात. अशा मुलाला गर्दीच्या बसमध्ये उभं करून न्यायचं नसतं. तपासणीच्या दिवशीही नाही, कारण समोरच्याची साधी सर्दी त्याला पुन्हा भरती करू शकते. तेव्हा त्याच्यासाठी केलेली टॅक्सी हा उपचाराचाच भाग आहे. तुम्ही एकट्या जाता-येता तेव्हा वेगळा विचार करता येईल, तेवढं नवऱ्याचं म्हणणं ऐका.

आणि या सगळ्यापेक्षा मोठी रक्कम कशाची आहे, माहितीये? तुमच्या न आलेल्या पगाराची. जो पैसा आलाच नाही, त्याची पावती नसते. म्हणून तो खर्चात कुणी धरत नाही. तुम्ही दोघांनीही धरलेला दिसत नाही.

पण जगात तो धरतात. क्षयरोगाच्या रुग्णांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जे मोजमाप ठरवलंय त्यात औषधांच्या खर्चाबरोबर प्रवास, खाणं, राहणं आणि बुडालेली मजुरीसुद्धा मोजतात. ही सगळी बेरीज घराच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर गेली की त्याला कुटुंबावरचं आर्थिक अरिष्ट म्हणतात, मग भले औषध फुकट मिळत असो. आजार वेगळा आहे, पण हिशेबाची पद्धत तुमच्या घराला जशीच्या तशी लागू पडते. बिल भरलं गेलं तरी घर बुडू शकतं. तुमच्या हातून पैसे उडालेले नाहीत. तुम्ही मुलाजवळ थांबलात, त्याची ही किंमत आहे.

आता सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं दुष्टपणाचं नाही, जुन्या पद्धतीचं आहे. एके काळी हॉस्पिटलांची रीतच तशी होती. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकापर्यंत अनेक वॉर्डांत आईबापांना आठवड्यातून ठरावीक वेळीच आत सोडायचे. आई आली की मूल रडतं, म्हणून आईने येऊच नये, असा समज होता. जेम्स रॉबर्टसन नावाच्या समाजसेवकाने वॉर्डातली मुलं नीट पाहिली आणि १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचे आठ दिवस कॅमेऱ्यात टिपून दाखवले. शांत झालेलं मूल रुळलेलं नसतं, ते आतून मिटलेलं असतं, हे त्यातून लोकांना दिसलं. १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने, प्लॅट समितीने, पालकांना केव्हाही येऊ द्यावं आणि लहान मुलांच्या आयांची राहायची सोय करावी अशी शिफारस केली. पुढे १९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन गावात युरोपातल्या संस्थांनी आजारी मुलांच्या हक्कांची सनद केली. मुलाजवळ राहण्यासाठी पालकांना जादा खर्च पडू नये, त्यांचं उत्पन्न बुडू नये, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे जवळ राहण्याला पैसे पडतात हे तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. ते कुणी सोसायचे, हा प्रश्न मात्र अजून बहुतेक ठिकाणी आईवरच येऊन थांबतो. याचा मला मनापासून राग येतो.

दिवसभर बसून काय करता? त्याला सुई टोचताना हात धरता. कुठल्या गोळीनंतर पुरळ आलं होतं ते शिफ्ट बदललेल्या नर्सला सांगता. त्याने किती प्यायलं, किती वेळा लघवी केली याची नोंद ठेवता. नर्सच्या वाट्याला कितीतरी मुलं असतात, तुमच्या वाट्याला हे एकच. सासूबाईंना एक दुपार तिथे बसवा. भांडायला म्हणून नाही, तुमच्या जागी म्हणून. तुम्हाला तीन तास झोप मिळेल आणि त्यांना उत्तर मिळेल.

राजीनाम्याकडे येते. एएलएलचा उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतो, पण सगळा काळ असा नसतो. सुरुवातीचे महिने सगळ्यांत कठीण, वारंवार भरती होण्याचे. पुढच्या टप्प्यात बरीच औषधं घरी तोंडाने घ्यायची असतात आणि तपासणीला ये-जा असते. आज, सगळ्यांत थकलेल्या आठवड्यात, तुम्ही तीन वर्षांचा निर्णय घेऊ पाहताय. तो घेऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा: पुढच्या तीन-चार महिन्यांत अंदाजे किती दिवस भरती, किती दिवस घर, शाळा कधी? त्यांनाही तारखा देता येणार नाहीत, पण अंदाज देतील. तो घेऊन ऑफिसात लेखी अर्ज करा. बिनपगारी रजा, अर्धवेळ काम, घरून काम, यातलं काय देता येईल ते विचारा आणि उत्तर लेखी मागा. अर्जाला जोडायला डॉक्टरांचं पत्र घ्या. सगळीकडून नाही आलं तर मग पाहू. शिवाय तुमच्या ऑफिसच्या विम्यात मुलगा असेल, तर राजीनाम्याबरोबर तोही जाईल. हे तुमच्या भावाच्या लक्षात आलं नसेल.

वॉर्डात वैद्यकीय समाजसेविका आहे का, याची उद्याच चौकशी करा. ‘आमच्यापेक्षा गरजू लोक आहेत’ म्हणून पुष्कळ आया तिच्या दारापर्यंत जातच नाहीत. तुम्हीही त्यातल्याच वाटता. जा. जवळ राहायची स्वस्त सोय, पालकांचं जेवण, प्रवासाची सवलत, मदत करणारे ट्रस्ट, वॉर्डातली शाळा, याची माहिती तिच्याकडे असते आणि विचारल्याशिवाय ती आपल्यापर्यंत पोचत नाही. विम्याचे कागदही एकदा नीट वाचून घ्या. काही पॉलिसींत भरतीच्या प्रत्येक दिवसामागे ठरावीक रोख रक्कम मिळते आणि मागितली नाही म्हणून ती तशीच राहते.

कार्डाचं मात्र तातडीने बघा. किमान रक्कम भरली की दंड वाचतो, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढत राहतं, आणि ते व्याज भारी असतं. हप्ता चुकण्याच्या आधी बँकेला फोन करा. चुकल्यानंतर केलेल्या फोनपेक्षा आधी केलेल्या फोनला बरं उत्तर मिळतं. मैत्रिणीचे पैसे थांबू शकतील, फक्त कधी देणार ते तिला सांगून ठेवा.

आणि हे सगळं नवऱ्याला सांगा. दोनदा उसने घेतले, कार्ड थकलंय, सगळं. पिशवीत असतील तेवढ्या पावत्या काढा. बाकीचे ११ आठवडे आठवेल तसे एका वहीत लिहा, न आलेला पगारही त्यात मांडा, आणि ती वही त्याच्यापुढे ठेवा. वॉर्डात मुलासमोर नाही, बाहेर कुठेतरी बसून. त्याचा प्रश्न संशयाचा असेल असं मला वाटत नाही. तो दिवसभर काम करतो, मुलाला संध्याकाळचा तासभर बघतो, त्याच्या हातात फक्त खात्याचा आकडा आहे आणि तो रोज खाली जातोय. त्याला काय दिसत नाही ते तुम्हाला माहितीये. तुम्हीही लपवत राहिलात तर तुम्ही दोघं एकाच आजाराशी वेगवेगळ्या खोल्यांत झगडत राहाल. आठवड्यातून दोन रात्री त्याने थांबावं, हेही याच वेळी ठरवा. त्यालाही मुलगा हवा असेल.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं, ते. ‘निदान तिची तरी काळजी नाही.’

मी ती मोठी बहीण होते. माझा धाकटा भाऊ चार महिने हॉस्पिटलात होता तेव्हा मी १० वर्षांची होते आणि आत्याकडे राहायला होते. शाळेची सहल निघाली. पैसे आणायची चिठ्ठी मिळाली, ती मी दप्तराच्या तळाशी, कंपासपेटीखाली घडी करून ठेवली. घरात पैसे नाहीत एवढं मला कळत होतं. बाईंना सांगितलं, मला बस लागते. पुढे बूट चावायला लागले तेही सांगितलं नाही, मागची बाजू चुरगाळून, सपाता केल्यासारखे घालत होते. सगळे म्हणायचे, किती समजूतदार मुलगी. आईला ती चिठ्ठी भाऊ घरी आल्यावर, दप्तर धुताना सापडली. ती मोरीपाशी बसून रडली आणि मला वाटलं, चिठ्ठी फाडून टाकली असती तर बरं झालं असतं.

माझ्या आईवर माझा राग नाही, कधीच नव्हता. पण तुमची मुलगी काही मागत नाही याचा अर्थ तिला काही नको असा नाही. तिने मागणं बंद केलंय. तुमच्या त्या वहीत हाही खर्च आहे.

आठवड्यातली एक संध्याकाळ तिची ठरवा. नवरा वॉर्डात, तुम्ही तिच्याजवळ. भावाच्या तब्येतीबद्दल तिला खरं सांगा, तिला झेपेल एवढं. तिच्या रागावण्याने, भांडणाने तो आजारी पडलेला नाही, हे मुद्दाम सांगा. असं पुष्कळ मुलांच्या मनात असतं आणि ती विचारत नाहीत. डॉक्टर हो म्हणाले आणि तिला सर्दी-खोकला नसला, तर तिला वॉर्डात नेऊन भाऊ दाखवा. नाहीतर रोज दहा मिनिटं व्हिडिओ कॉल, त्या दोघांचाच, तुम्ही मध्ये न बोलता.

‘तुला काय हवंय’ असं विचारू नका, ती ‘काही नको’ म्हणेल. तिच्या पायाला बूट बसतात का, ते हाताने दाबून बघा. आणि तिच्यासोबत बसून, तिला विचारून, दप्तर आवरा. अगदी तळापर्यंत.

– तुमची ताई