कमी दराचं कोटेशन स्वस्तच पडेल असं नाही

ताई, तुम्हाला स्वयंपाकघरात मॉड्युलर कपाटं करून घ्यायचीत, ओटा दहा फुटी. एका ठेकेदाराने सगळं धरून चौरस फुटाला १,४०० रुपये सांगितलेत, दुसऱ्याने १,१००, आणि घरचे सगळे दुसऱ्याच्या बाजूने झालेत. जरा थांबा.

दुसऱ्याच्या कागदावर हार्डवेअर (बिजागऱ्या, हँडल, ड्रॉवरचं सामान) आणि जीएसटीबद्दल अवाक्षर नाही. हिशोब मांडून बघा. ओट्याखाली १० बाय सव्वादोन, भिंतीवर १० बाय २, वर लॉफ्ट म्हणजे माळ्याची कपाटं १० बाय २, म्हणजे समोरून मोजलं तर साडेबासष्ट चौरस फूट. पहिल्याचे ८७,५०० झाले. दुसऱ्याचे ६८,७५०, वर १८ टक्के जीएसटी लावला की ८१,१२५. उरलेल्या सहा हजारांत टँडम बॉक्स (तयार ड्रॉवर), सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या, हँडल, ताटांची जाळी बसते का, हे त्यालाच विचारा. माप फक्त समोरून धरणार की बाजूच्या फळ्याही मोजणार, तेही लिहून घ्या. भांडणं होतात ती इथंच.

प्लायचं म्हणाल तर सिंकखाली आयएस ७१० मानकाचा म्हणजे मरीन, बाकी ठिकाणी आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा) चालतो. एमआर ग्रेड, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा, स्वयंपाकघरात नको, आपल्याकडचा पावसाळा त्याला झेपत नाही. शीट घरी आली की कापायच्या आधी आयएसआयचा शिक्का आणि लायसन्स नंबर बघा, फोटो काढून ठेवा. एकदा लॅमिनेट चढलं की आत काय आहे ते देवालाच ठाऊक. न दिसणाऱ्या कडांनाही पट्टी मारून घ्या, पाणी तिथूनच शिरतं.

२०१९ आणि २०२१ च्या कोल्हापूरच्या पुरात ज्यांच्या घरात पंचगंगा आली होती, त्यांनी तर खालची कपाटं प्लायची करूच नयेत. पीव्हीसी बोर्ड नाहीतर सरळ कडप्पा.

आता पैसे खरंच वाचवायचे असतील तर ऐका. तुमच्या ओट्याखाली आधीच कडप्प्याचे कप्पे आहेत म्हणता. ते सरळ आणि शाबूत असतील तर तोडू नका, नुसती फ्रेम आणि नवी शटर बसवा. खोक्याचा सगळा खर्च वाचतो. मॉड्युलरवाल्यांना हे आवडत नाही, ते सोडा. ड्रॉवर मात्र दोन-तीनच करा आणि ते दणकट घ्या. पांढऱ्या-तांबड्या रश्श्याची पातेली आणि वर्षाच्या चटणीच्या बरण्या हलक्या चॅनेलवर (ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्यांवर) ठेवल्या की ड्रॉवर झुकलाच.

सिलिंडर ज्या कप्प्यात, त्याच्या शटरला खाली जाळी हवीच. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो.

प्लंबिंग, लाईटचे पॉईंट, टाईल्स, ग्रॅनाईट हे सगळं उरकल्यावरच सुताराला शेवटचं माप घेऊ द्या. जुनी फरशी उखडली की गंजलेला पाईप निघतोच, त्यासाठी दहा टक्के बाजूला ठेवा. गौरी-गणपतीच्या तोंडावर काम काढू नका, सुतार चार घरं एकदम धरतात.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या: थोडा ॲडव्हान्स, माल दारात आल्यावर मोठा हप्ता, शटर बसल्यावर पुढचा. शेवटचे दहा टक्के मात्र महिनाभर वापरून, बिजागऱ्या एकदा आवळून झाल्यावरच. ही अट कोटेशनवरच लिहून सही घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.