शिडाच्या होडीचे मळलेले आणि कडक झालेले दोर कसे धुवावेत?

मित्रांबरोबर भागीदारीत घेतलेल्या जुन्या होडीचे दोर पावसाळाभर डेकखालच्या कप्प्यात पडून होते, आता ते काळे-हिरवे पडलेत आणि काठीसारखे ताठ झालेत, तर ब्लीच घालून वॉशिंग मशीनला लावले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय. मशीन एक वेळ चालेल, ब्लीच अजिबात नको. आणि दोर टाकून द्यायची घाई करू नका. तुम्ही सांगताय त्या अवस्थेतले बरेचसे दोर धुतल्यावर पुन्हा कामाला येतात.

मीही मुंबई बंदरातच सेलिंग करतो, त्यामुळे तुमच्या दोरांवर काय बसलंय ते मला नीट माहीत आहे. इथलं पाणी गढूळ असतं. उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो आणि त्या ओढीने तळाचा गाळ सतत ढवळला जातो. वर लाँचींच्या डिझेलचा धूर आणि तेलाचा तवंग. पण खरा त्रास मिठाचा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून खाऱ्या पाण्याचा दोर पावसाळ्यात कधी पुरता वाळतच नाही. त्या ओलाव्यात बुरशी धरते. ती पॉलिस्टरचा धागा खात नाही, धाग्यावरच्या मळावर जगते. मळ आणि मीठ काढलं की बुरशीही जाते. मागे काळपट डाग राहिला तर राहू द्या, त्याने दोराची ताकद कमी होत नाही. मिठाचे खडे मात्र आत राहिले तर ताण येईल तेव्हा धाग्यांना घासत राहतात. म्हणून धुताना पांढरेपणाच्या मागे लागू नका, मीठ काढायच्या मागे लागा.

आधी कुठला दोर कशाचा आहे ते बघा. हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) आणि शीट (शीड ओढून धरायचा दोर) बहुधा पॉलिस्टरचे असतात. नांगराचा आणि मूरिंगचा, म्हणजे होडी एका जागी बांधून ठेवायचा, दोर नायलॉनचा, कारण तो ताणला जातो आणि झटका झेलतो. बारीक, हलका आणि भलताच मजबूत असेल तर डायनिमा नावाच्या खास कृत्रिम धाग्याचा. नायलॉनला ब्लीच आणि आम्ल दोन्ही मानवत नाहीत. ब्लीचमधून काढलेला नायलॉन वरून स्वच्छ दिसतो आणि आतून कमजोर झालेला असतो, ही फसगत फार वाईट. पॉलिस्टरला तीव्र अल्कली सोसत नाही, म्हणून धुण्याचा सोडा नको. डायनिमा साधारण १५० अंशांच्या आतच वितळतो, त्यामुळे ड्रायर आणि इस्त्री त्याच्या आसपासही नको. उकळतं पाणी तर कुठल्याच दोराला नको.

हॅलयार्ड डोलकाठीतून काढण्याआधी त्याच्या टोकाला बारीक दोरी टोकाला टोक लावून शिवा, वर चिकटपट्टी घट्ट गुंडाळा आणि मग सावकाश ओढा, म्हणजे दोरी आत राहील आणि तिनेच हॅलयार्ड परत ओवता येईल. जोड जाड झाला तर वरच्या पुलीत अडकतो, आणि दोरी सुटली तर डोलकाठीवर चढण्यावाचून गत्यंतर नाही. शॅकल (दोराच्या टोकाच्या धातूच्या कड्या) सोडवता येत असतील तर सोडवा. उसवलेली टोकं दोऱ्याने बांधून घ्या, नाहीतर धुताना वरचं आवरण सरकतं आणि गाभा उघडा पडतो.

आता धुणं. मोठ्या टबात गोडं पाणी भरून दोर सैल वेटोळ्यांत रात्रभर बुडवून ठेवा, साबण न घालता. सकाळी पाणी चहाच्या रंगाचं झालेलं दिसेल. ते फेकून पुन्हा भरा. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यानंतर हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड थोडंसं घाला आणि दोर वीतभर-वीतभर मुठीत दाबत पुढे सरकवा. वरून स्वच्छ वाटणारा दोरसुद्धा दाबला की आतून राखाडी ढग सोडतो. तो ढग यायचा थांबेपर्यंत दाबत राहायचं, काम कंटाळवाणं आहे पण त्याला पर्याय नाही. तेलाच्या डागांवर आधी भांड्यांचं लिक्विड चोळून मऊ ब्रश फिरवा. पॉलिस्टरवर बुरशीचा वास राहिलाच तर बादलीभर पाण्यात कपभर पांढरं व्हिनेगर घालून थोडा वेळ बुडवा आणि भरपूर पाण्यात खळबळा. नायलॉनला हा उपाय करू नका.

प्रेशर वॉशरचा मोह मोठा असतो, तो टाळा. त्याचा फवारा धागे उचकटतो आणि बारीक रेती गाभ्यात ढकलतो.

मशीन लावायचंच असेल तर पुढून दार असलेलं. दोराची साखळी विणून ती चेनच्या उशीच्या अभ्र्यात घाला, ३० अंशांवर, पिळणं अगदी मंद. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये मधल्या दांड्याला दोर असा आवळतो की सोडवता नाकी नऊ येतात. फॅब्रिक सॉफ्टनरबद्दल मतं वेगवेगळी आहेत. माझ्या मते हातात धरायच्या शीटला शेवटच्या पाण्यात थोडंसं चालेल. क्लचमध्ये (दोर चिमटून धरणाऱ्या खटक्यात) धरून ठेवायच्या हॅलयार्डला नको, तो बुळबुळीत झालेला आपल्याला परवडणार नाही.

वाळवायचं सावलीत, वारा असेल तिथे, मोठ्या सैल वेटोळ्यांत. पिळू नका. कडक उन्हात लवकर वाळतो हे खरं, पण तेच ऊन या धाग्यांना झिजवतं. जाड दोराचा गाभा वाळायला कित्येक दिवस लागतात, वरून कोरडा लागला म्हणून लगेच कप्प्यात कोंबू नका.

वाळल्यावर पूर्ण दोर डोळे मिटून बोटांमधून जाऊ द्या. आत गाठ लागते का, कुठे एकदम पोकळ किंवा चपटा वाटतो का, घर्षणाने वितळून काचेसारखा गुळगुळीत कडक पट्टा झालाय का? हॅलयार्डची झीज बहुतेक क्लच धरतो तिथेच होते. ती टोकाजवळ असेल तर तेवढा तुकडा कापा किंवा दोर उलटा करून ओवा. मधेच गाभा गेलेला असेल तर तो दोर होडीवर ठेवू नका. मूरिंगच्या दोराचा जो भाग पाण्याखाली राहून बार्नेकलांनी (चिकटून वाढणाऱ्या कठीण कवचाच्या समुद्री जीवांनी) भरलाय, तो मी धुवत बसत नाही. त्या शिंपल्यांच्या धारेने धागे कापले जातात, मी सरळ बदलतो.

पैसे मोजकेच असतील तर नव्या खरेदीत पहिला नंबर मूरिंगच्या दोराचा, मग मेन हॅलयार्डचा, म्हणजे मुख्य शिडाच्या. जिबच्या (पुढच्या शिडाच्या) शीट धुऊन मऊ झाल्या तर हा हंगाम त्यांवर निघेल. होडीवरून उतरताना शीट आणि क्लचपाशी बादलीभर गोडं पाणी ओतायची सवय आत्तापासून लावा, आणि मे अखेरीस होडी पाण्याबाहेर काढाल तेव्हा सगळे दोर धुऊन घरी न्या.