गणित शिक्षकांचं डिजिटल प्रशिक्षण: वाचकांचे प्रश्न

कार्यशाळेत शिक्षक जिओजेब्रा (भूमितीच्या आकृत्या आणि आलेख काढायचं सॉफ्टवेअर) आवडीने शिकतात, वर्गात मात्र वापरत नाहीत. प्रशिक्षणात काय बदलावं?

सगळी बटणं दाखवायचा हट्ट सोडा. पुढच्या आठवड्यात शिकवायचा एकच धडा घ्या, समजा समद्विभुज त्रिकोणाचा. बहुतेक जण तीन बिंदू अंदाजाने ठेवून त्रिकोण काढतात. आता एक शिरोबिंदू ओढायला सांगा. आकृती बिघडते, आणि ती बिघडू द्यावीच. काढलेली आकृती आणि रचलेली आकृती यांतला फरक इथेच कळतो. मग रचना करून घ्या: ए केंद्र घेऊन बी मधून जाणारं वर्तुळ, त्यावर सी, त्रिकोण जोडून वर्तुळ लपवा. दोन बाजू एकाच वर्तुळाच्या त्रिज्या असल्याने कोणताही बिंदू ओढला तरी त्या समानच राहतात. सी ठेवताना क्लिक नेमकं वर्तुळावरच पडायला हवं, नाहीतर तो मोकळा बिंदू होतो आणि पुन्हा तीच रड.

वर्गात ओढून दाखवण्याआधी मुलांना अंदाज वहीत लिहायला लावायचा, हेही कार्यशाळेतच करून बघावं. त्याशिवाय मुलं नुसती पडद्याकडे बघत बसतात.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज कधी 179 अंश येते, कधी एखादा कोन 300 अंश दिसतो. सॉफ्टवेअर चुकतं का?

नाही. 60.4, 60.4 आणि 59.2 हे कोन पूर्णांकात दाखवले की 60, 60, 59 होतात. सेटिंगमध्ये दोन दशांश स्थळं घ्या आणि बेरीज सॉफ्टवेअरलाच करू द्या; ते आतल्या पूर्ण किमती वापरतं. 300 अंशांचं कारण वेगळं: कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजला जातो, त्यामुळे बिंदूंचा क्रम उलटला की 60 ऐवजी उरलेला, म्हणजे 360 वजा 60 असा 300 अंशांचा कोन मिळतो. कोनाच्या गुणधर्मांत 0 ते 180 ही मर्यादा निवडा. डेस्मॉस या आलेख काढायच्या साधनात साइन 30 ची किंमत -0.988 आली, तर मापन रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात आहे; ते अंशांत बदला.

मुक्त संसाधन (परवान्याच्या अटींवर कुणालाही वापरता येणारं शैक्षणिक साहित्य) मराठीत आणून वाटता येतं का?

परवान्यावर अवलंबून. क्रिएटिव्ह कॉमन्स हे कर्त्याने आपलं साहित्य इतरांना वापरू द्यायचे तयार परवाने; त्यात ‘एनडी’ (बदल करू नये) असेल तर नाही, कारण भाषांतर हाही बदलच धरला जातो. ‘एसए’ (त्याच अटींवर वाटा) असेल तर तुमचं भाषांतरही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. ‘एनसी’ (अव्यावसायिक) असेल तर व्यावसायिक वापर नको. शीर्षक, कर्ता, मूळ दुवा, परवाना आणि केलेला बदल, एवढं पहिल्याच पानावर लिहा. मोफत मिळालं म्हणजे मुक्त असतंच असं नाही, ही गल्लत फार होते.

शाळेत इंटरनेट भरवशाचं नाही.

जिओजेब्रा आधीच संगणकावर बसवा, फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. फेट या गणित-विज्ञानाच्या संकेतस्थळावरची एचटीएमएल सिम्युलेशन्स (हाताळून बघायची चलचित्रं) उतरवून ठेवली की ब्राउझरमध्ये इंटरनेटविना चालतात. आदल्या दिवशी त्याच संगणकावर, त्याच प्रोजेक्टरवर सगळं उघडून बघा आणि शेवटच्या बाकावरून अक्षरं वाचता येतात का तेही तपासा.