पन्नाशीत नोकरी सोडली तर नाशिकमध्ये दिवस कसा जाईल?

आपण लिहिले आहे की वय एकोणपन्नास आहे, अंबडच्या कारखान्यात सव्वीस वर्षे झाली, घराचे कर्ज फिटले, मुलगी पुण्यात नोकरीला लागली. आता पुढच्या वर्षी नोकरी सोडली तर लहानसहान आनंदांवर उरलेली वर्षे काढता येतील का, कंटाळा येईल का आणि पैसे किती हवेत, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. प्रश्नाच्या शेवटी आपण सहज एक वाक्य लिहिले आहे: "घरचे म्हणतात, रिकामा बसून काय करणार?" मी उत्तर लिहायला बसले ते या वाक्यामुळे. 'रिकामी' हा शब्द मी गेली साडेतीन वर्षे ऐकते आहे आणि तो मला अजूनही लागतो.

मी एका बँकेत एकोणतीस वर्षे नोकरी केली. लिपिक म्हणून लागले, शाखाधिकारी झाले आणि बावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मी अर्ज दिल्याचे कळले त्या संध्याकाळी थोरला भाऊ, आमचा दादा, घरी आला. साठीपर्यंतच्या आठ वर्षांचा पगार, त्यातील वाढ आणि हुकणारी बढती असे सगळे त्याने कागदावर मांडले आणि खाली रेघ ओढून एकूण नुकसानीचा आकडा लिहिला. त्याचे आकडे बरोबर होते. मला खटकले ते हे की त्याने एकच बाजू लिहिली होती. ज्या आठ वर्षांसाठी मी एवढी रक्कम मोजत होते, त्या वर्षांना त्या कागदावर कुठेच जागा नव्हती.

निवृत्तीनंतरचे पहिले आठ महिने दादाच्या हिशेबाप्रमाणेच गेले, हे मला मान्य केले पाहिजे. मी घरी असते हे नातेवाइकांना आणि सोसायटीला कळले आणि माझा वेळ सार्वजनिक झाला. कोणाचे केवायसीचे कागद, कोणाच्या लॉकरचे नामनिर्देशन, सोसायटीच्या हिशेबाच्या वह्या, आत्याबाईंना रक्ततपासणीला नेणे, नोव्हेंबर आला की ओळखीतल्या सगळ्या पेन्शनरांचे हयातीचे दाखले. यातले एकही काम वाईट नव्हते आणि कोणी मला मुद्दाम राबवले असेही नाही. परंतु मला रोज डायरी लिहिण्याची सवय आहे, आणि त्या नोव्हेंबरच्या अखेरीस मी बँकेतल्यासारखे जमा आणि नावे असे दोन रकाने पाडून महिना तपासला, तेव्हा तीसपैकी बावीस दिवस इतरांच्या कामांच्या नावे पडलेले दिसले. ज्या वेळासाठी मी पगार सोडला, तो माझ्या खात्यात आलाच नव्हता.

त्याच सुमारास सार्वजनिक वाचनालयातून मी नाशिकच्या कोरीव लेखांवरचे एक पुस्तक आणले होते. १८४० साली स्थापन झालेल्या या वाचनालयाची मी कित्येक वर्षे सभासद होते, पण नोकरीत असताना पुस्तक बदलायला मुलाला पाठवत असे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांच्या दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यातल्या एका लेखाचे मराठी भाषांतर मी वहीत उतरवून घेतले आणि डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी ते प्रत्यक्ष लेखासमोर उभे राहून वाचायचे ठरवले. मंगळवार मुद्दाम निवडला, कारण रविवारी तिथे गर्दी असते.

सोमवारी रात्री दादाचा फोन आला. त्याच्या नव्या सदनिकेत सुतार येणार होते, वहिनी शाळेत, तो स्वतः दुकानात, म्हणून दिवसभर तिथे बसायला कोणीतरी हवे होते. "तू रिकामीच आहेस ना, नऊपर्यंत ये," एवढेच तो म्हणाला. मी सांगितले की उद्या मला काम आहे. कसले काम, असे त्याने विचारले आणि मी खरे ते सांगितले. तो काही क्षण बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे दगड वाचायला जायचे आहे म्हणून भावाचे काम करणार नाहीस?" मी हो म्हटले. बावन्न वर्षांत दादाला मी तोंडावर नाही म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही येथे नोंदवते.

सकाळी पंचवटीतून दुचाकीवर निघाले तेव्हा बोटे गारठून गेली होती. फाळके स्मारकाजवळ गाडी लावली, फोन डिकीत ठेवला आणि पायऱ्या चढले. पांडवलेण्यांच्या या त्रिरश्मी डोंगरावर चोवीस लेणी आहेत. दहाव्यापाशी पोहोचेपर्यंत मला दोनदा बसावे लागले. ओसरीचे खांब, त्यांची घंटेच्या आकाराची शीर्षे आणि आतील भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे यांवर नुकतेच ऊन येऊ लागले होते. ब्राह्मी मला वाचता येत नाही, म्हणून वहीतल्या भाषांतराचे एक-एक वाक्य वाचून मी भिंतीकडे पाहत होते. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा तो लेख म्हणजे एक ठेव पावती आहे, हे मला तिथे उभे असताना पुरते कळले. उषवदाताने हे लेणे भिक्खूंना दिले आणि त्यांच्या खर्चासाठी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले: एका श्रेणीकडे २००० दरमहा शेकडा १ व्याजाने, दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. हे कार्षापण परत द्यायचे नाहीत, त्यांचे फक्त व्याज उपभोगायचे, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. २००० च्या व्याजातून पावसाळ्यात तेथे राहणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत अशी तरतूद आहे. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून रीतीप्रमाणे नोंदवल्याचेही लिहिले आहे.

मी पायरीवर बसले आणि हिशेब केला. २००० वर महिन्याला शेकडा १, म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले १२, पुन्हा २४०. हिशेब तंतोतंत जुळला. शाखेत दिवसअखेर रोकड पहिल्या मोजणीतच जुळली की जे समाधान एकोणतीस वर्षे मिळत असे तेच मला त्या दगडी पायरीवर मिळाले. मात्र या वेळी ते कोणाच्या तपासणीसाठी नव्हते. गंगापूर रस्त्याने जाताना ज्या गोवर्धन गावावरून मी शेकडो वेळा गेले, त्या गावात विणकर ठेवी घेत होते आणि व्याज देत होते, हे मला माहीत नव्हते. मी तिथे साडेतीन तास होते. आपण 'लहानसहान आनंद' म्हणता तो याहून मोठा असायला हवा असे मला वाटत नाही.

खाली आल्यावर फोनवर दादाचे सात न घेतलेले फोन होते. संध्याकाळी तो घरी आला आणि चहासुद्धा न घेता बोलला. नोकरी सोडलेल्या माणसाने घरच्यांच्या उपयोगी पडायचे नाही तर कोणी पडायचे, हा त्याचा मुद्दा होता. मी वही पुढे केली आणि मुद्दल न मोडता फक्त व्याज उपभोगण्याचे वाक्य त्याला वाचून दाखवले. माझे पेन्शन हे जसे एकोणतीस वर्षांच्या कामाचे व्याज आहे, तसाच माझा आजचा वेळही आहे. त्यातला काही भाग मी आनंदाने इतरांना देईन, पण कोणत्या दिवशी किती द्यायचा हे मी ठरवीन, आणि 'रिकामी' म्हणून कोणी तो न विचारता उचलायचा नाही, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला की क्षत्रपाच्या जावयाने दान केले होते, मी तर द्यायलाच नकार देते आहे. हे त्याचे म्हणणे मला त्या वेळी निरुत्तर करून गेले. आज मी त्याला सांगेन की उषवदातानेसुद्धा किती, कोणाला आणि कशासाठी हे भिंतीवर कोरून ठेवले होते; जो येईल त्याने हात घालावा अशी थैली त्याने उघडी टाकली नव्हती. पुढे दोन महिने आम्ही बोललो नाही. संक्रांतीचा तिळगूळ वहिनी घेऊन आली.

त्या दिवसापासून मंगळवार माझा आहे. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळात मी नांदूर मध्यमेश्वरला जाते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्याचे हे पाणी २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी तेथे पक्ष्यांच्या आवाजाखेरीज काहीही ऐकू येत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की मी घाटावर जाते. आम्हा नाशिककरांचे पूर मोजण्याचे माप म्हणजे गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती: गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. नोकरीत असताना पूर म्हणजे किती कर्मचारी शाखेत पोहोचणार याची चिंता होती. पाणी मारुतीच्या कमरेला लागताना मी पहिल्यांदा पाहिले ते निवृत्तीनंतरच्या जुलैत. क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे मी तेव्हा शिकले, आणि दहा हजार क्युसेकचा आकडा वाचला की आता डोळ्यांसमोर काहीतरी उभे राहते. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात भाजी घेते, तीही सावकाश, भाव विचारत.

कंटाळ्याबद्दल विचारले आहे. येतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोन ते चार हा वेळ मला आजही जड जातो आणि त्यावर मला उपाय सापडलेला नाही. पण शाखेतही दुपारचा कंटाळा होताच, तो फक्त पगारी होता.

पैशांबद्दल माझे मत सरळ आहे: मुद्दल मोडून घरखर्च चालवावा लागणार असेल तर नोकरी सोडू नका, आणि नुसत्या व्याजावर चालणार असेल तरी सगळे व्याज खर्च करू नका. उषवदाताच्या १२ कार्षापणांत दर वर्षी तेवढेच कापड येत राहिले असेल असे मला वाटत नाही. महागाई स्थिर व्याजाला कुरतडते, म्हणून व्याजाचा काही भाग दर वर्षी मुद्दलात परत घातला पाहिजे.

येथे एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. माझी आणि आपली स्थिती सारखी नाही. बँकांच्या १९९५ च्या पेन्शन विनियमांनुसार वीस वर्षे पेन्शनपात्र सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि त्या पेन्शनवर महागाई भत्ता मिळतो. बँकेतही १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना ही सोय नाही, आणि आपण तर खासगी कारखान्यात आहात. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेले पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण मिळते; पन्नाशीनंतर आधी घेतले तर जितकी वर्षे आधी तितके दर वर्षाला ४ टक्के कापले जाते, म्हणून ते लगेच घेण्याची घाई करू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनाही साठीच्या आधी सहसा पंचावन्ननंतर निवृत्त होणाऱ्यांनाच उघडता येते, म्हणजे मधली वर्षे आपल्याला दुसऱ्या कशावर तरी काढावी लागतील. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर नव्या विम्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, तेव्हा स्वतःचा विमा नोकरीत असतानाच काढा.

आणि राजीनामा देण्याआधी घरच्यांना आठवड्यातील एक दिवस सांगून ठेवा. कोणता ते महत्त्वाचे नाही, पण तो आपला आहे हे सगळ्यांना पाठ झाले पाहिजे, आणि पहिल्याच महिन्यात झाले पाहिजे. मी आठ महिने उशीर केला आणि त्याची किंमत भावाशी दोन महिन्यांच्या अबोल्याने मोजली. आपल्या घरी 'रिकामा' म्हणणारे जे कोणी असतील, त्यांच्याशी हे बोलणे नोकरीत असतानाच करा.

परवा दादाचा फोन आला होता. त्याच्याकडे नळदुरुस्तीचे काम निघाले आहे आणि माणूस मंगळवारी येतो म्हणाला होता. मी काही बोलण्याआधी दादाच म्हणाला, "तुझा मंगळवार, म्हणून मी त्याला गुरुवारी बोलावले आहे. गुरुवारी येशील का?" मी गुरुवारी जाणार आहे.