रोजच्या आहारातली साखर कमी करायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात पेयांपासून करावी. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते आणि तिने पोट भरल्यासारखे वाटतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात ही साखर ५० ग्रॅमच्या आत राहायला हवी. मध आणि फळांचा रस (घरी काढलेलासुद्धा) याच हिशेबात धरतात, अख्खे फळ मात्र धरत नाहीत, त्यामुळे फळे सोडण्याचे कारण नाही.

चहा-कॉफीतली साखर एकदम बंद करण्यापेक्षा दर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेल्यास जीभ फारशी कुरकुर करत नाही. पाकीटबंद पदार्थांवरील घटकांची यादी अवश्य वाचावी, कारण ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोज ही सगळी साखरेचीच रूपे असून ती टोमॅटो सॉसमध्येही सापडतात. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांवर मी तरी भिस्त ठेवणार नाही, कारण गोडाची सवय तशीच राहते. मधुमेहाची औषधे चालू असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. साखर घटली की औषधाची मात्राही बदलावी लागू शकते.